हुप्प्याची टोळी की माद्यांची?

आदरणीय बाई,

मी प्राणिशास्त्रात पीएच.डी. करते आहे. गेले वर्षभर आमचा चौघांचा गट एका गावाजवळच्या वानरांच्या टोळीचे निरीक्षण करतो आहे आणि गटात मी एकटीच मुलगी आहे. हुप्प्या कोणाशी भांडला, बाहेरच्या नरांनी टोळीवर कधी चाल केली, याने आमच्या वह्यांची पानेच्या पाने भरली आहेत. माद्यांविषयी मात्र बहुतेक दिवशी ‘माद्या ९, पिल्ले ४, चरत होत्या’ एवढेच लिहिलेले असते. माद्यांना अधिक वेळ देऊन विषय मांडायचा आहे, असे मी सरांना सांगितले. ते रागावले नाहीत, पण म्हणाले, ‘तू बाई आहेस म्हणून तुला माद्या दिसतात. विज्ञानात बाई-पुरुष नसतो.’ मी गप्प झाले, कारण विज्ञानात बाई-पुरुष नसावा असे मलाही वाटते. नंतर गटातला एक मुलगा हळूच म्हणाला की त्यालाही पिल्लांच्या नोंदी ठेवायच्या होत्या, पण बाकीचे हसतील म्हणून त्याने तो विचार सोडला. आता विज्ञान दिनाला ‘संशोधनातील स्त्रिया’ या विषयावर बोलायला विभागाने मलाच उभे केले आहे. संशोधक स्त्री आहे की पुरुष, याने विद्याशाखेत खरोखर फरक पडतो का? पडतो असे म्हटले, तर आपण आपल्याच कामाचे मोल कमी करून घेत नाही का? आणि विषयाचा आग्रह धरू, की सर देतील तो घेऊ?

– एक संशोधक विद्यार्थिनी

सप्रेम नमस्कार.

‘माद्या ९, पिल्ले ४, चरत होत्या’ या तुमच्या ओळीपाशी मी बराच वेळ थांबले, कारण अशा ओळी मीही पुष्कळ लिहिल्या आहेत. मी पहिल्यांदा क्षेत्रकार्याला गेले तेव्हा माझ्या हाती एक छापील तक्ता दिला होता. त्यात नरांसाठी सात रकाने होते: दात दाखवणे, पाठलाग, झटापट, हुप् असा आवाज काढणे वगैरे. माद्या आणि पिल्ले यांच्यासाठी मिळून एकच रकाना होता आणि त्यात फक्त संख्या लिहायची होती. एके दिवशी सकाळी टोळीतल्या एका मादीच्या पोटाशी नुकतेच जन्मलेले पिल्लू दिसले. वानराचे नवजात पिल्लू काळपट असते, त्यामुळे आईच्या राखाडी अंगावर ते लांबूनही उठून दिसते. दुपारपर्यंत ते पिल्लू पाच वेगवेगळ्या माद्यांच्या हातांतून फिरले. एक तरुण मादी त्याला उलटे धरत होती आणि ते किंचाळत होते. एका म्हातारीने ते तिच्याकडून काढून घेतले. तेवढ्या वेळात आई चिंचेचा पाला खात दोन झाडे पुढे गेली होती. हे सारे मी पाहिले आणि संध्याकाळी तक्त्यात लिहिले, ‘पिल्ले ५’. कारण दुसरे काही लिहायला जागाच नव्हती. तक्ता कोणी वाईट हेतूने केला नव्हता. तो करणाऱ्याला टोळीत जे घडते असे वाटत होते, त्याचेच रकाने त्याने पाडले होते.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर या तक्त्यातच आहे. फरक पडतो, आणि तो निष्कर्षाच्या कितीतरी आधी पडतो: कोणाकडे पाहायचे, किती वेळ पाहायचे आणि कशासाठी रकाना ठेवायचा, या ठिकाणी. तुमच्याच शाखेत, म्हणजे माकडे, वानरे आणि कपी (चिंपांझी, गोरिला यांसारखे बिनशेपटीचे) यांच्या अभ्यासात, हे जितके स्पष्ट दिसते तितके फार थोड्या शाखांत दिसते, म्हणून मी उदाहरणे शक्यतो तिथलीच देते.

शेरवूड वॉशबर्न आणि आयर्व्हन डीव्होर या अमेरिकी मानवशास्त्रज्ञांनी १९५९ च्या सुमारास पूर्व आफ्रिकेच्या गवताळ प्रदेशात बबून या मोठ्या माकडांचा अभ्यास केला. त्यातून टोळीचे एक ठसठशीत चित्र उभे राहिले. बलवान नरांची उतरंड हा टोळीचा कणा, संकट आले की नर पुढे, माद्या आणि पिल्ले त्यांच्या आश्रयाला. माणसाचे पूर्वज गवताळ प्रदेशातच घडले असे तेव्हा मानले जात असल्याने हे चित्र बबूनांपुरते राहिले नाही. माणसाच्या आदिम समाजाचा नमुना म्हणून ते पाठ्यपुस्तकांत जाऊन बसले. त्यानंतर लवकरच, १९६०च्या दशकात, थेल्मा रोवेल या ब्रिटिश संशोधिका युगांडातील इशाशा इथल्या जंगलात राहणाऱ्या बबूनांचे निरीक्षण करत होत्या. त्यांना दिसले ते वेगळेच होते. धोका जाणवताच सारी टोळी झाडांकडे पळे, आणि लांब पायांचे नर सर्वांत आधी पोहोचत, पिल्ले पोटाशी घेतलेल्या माद्या सर्वांत शेवटी. दिवसभरात टोळी कोणत्या दिशेला जाणार, हे बहुधा वयस्क माद्यांच्या हालचालींवरून ठरे. नरांची पक्की उतरंड तर त्यांना सापडलीच नाही.

इथे एक खबरदारी घ्यायला हवी. हा फरक केवळ रोवेल स्त्री होत्या म्हणून पडला, असे म्हणणे चुकीचे ठरेल. जंगल आणि गवताळ माळ यांतही फरक आहे, आणि बंदिवासाने किंवा माणसांनी खाऊ घालण्याने प्राण्यांमधली भांडणे आणि उतरंड वाढते, हा मुद्दा स्वतः रोवेल यांनीच लावून धरला होता. तरीही एक गोष्ट उरते. म्हातारी मादी उठून चालू लागते आणि टोळी तिच्यामागून जाते, ही घटना अतिशय शांत असते. तिच्यात आवाज नसतो, धूळ उडत नाही. ती दिसायला तिच्याकडे आधीपासून कोणीतरी पाहत असावे लागते.

या शांत घटना टिपायच्या कशा, याचे उत्तर ज्यांनी दिले त्यांचे नाव तुम्ही कोर्सवर्कमध्ये नक्की वाचले असेल. जीन आल्टमन मूळच्या गणिताच्या विद्यार्थिनी. केनियातील अंबोसेली इथल्या बबूनांवर काम करताना त्यांनी १९७४ साली निरीक्षणाच्या पद्धतींवर एक दीर्घ निबंध प्रसिद्ध केला, आणि तोही स्वतःची पीएच.डी. होण्याच्या पाच वर्षे आधी. दिसेल ते टिपत गेले की डोळा ओरडणाऱ्या, मोठ्या आणि मारामारी करणाऱ्या जनावराकडे ओढला जातो आणि वही त्याच्याच नोंदींनी भरते, हे त्यांनी काटेकोरपणे दाखवून दिले. त्यावर त्यांनी सुचवलेला उपाय म्हणजे आज आपण सगळे वापरतो ते फोकल सॅम्पलिंग: निरीक्षणाचे जनावर आधीच ठरवायचे, ठरलेल्या वेळेपुरते फक्त त्याच्याकडेच पाहायचे, ते नुसते बसून राहिले तरी ‘बसले आहे’ असे लिहायचे, आणि मग पुढच्या जनावराकडे वळायचे. त्या निबंधात स्त्री-पुरुष असा वाद कुठेही नाही. आहे ती नमुना निवडीची शिस्त. पण ही शिस्त पाळली की माद्या आपोआप वहीत येतात, पिल्ले येतात, दुबळे नरही येतात, आणि मग ‘चरत होत्या’ या दोन शब्दांखाली किती काय दडले होते ते कळू लागते. तुमच्या सरांशी बोलताना तुमची सारी भिस्त या एका निबंधावर असू द्या.

आता वानरांकडे येऊ, कारण ही कथा आपल्या दाराशी घडलेली आहे. आपल्या शेजारच्या धारवाडच्या परिसरात युकिमारू सुगियामा या जपानी संशोधकांनी १९६०च्या दशकाच्या आरंभी वानरांचा अभ्यास केला, आणि बाहेरून आलेला नर टोळी ताब्यात घेतल्यावर तिथली तान्ही पिल्ले मारतो, हे नोंदवले. पुढे जोधपूरला एस. एम. मोहनोत यांनीही तशाच नोंदी केल्या. सारा हर्डी या अमेरिकी संशोधिका १९७१ मध्ये अबूच्या डोंगरावर आल्या, तेव्हा गर्दीमुळे हे घडत असावे अशी त्यांची समजूत होती. तिथे राहून, टोळ्या ओळखून, वर्षांमागून वर्षे परत येऊन त्यांनी दोन गोष्टी मांडल्या. पहिली अशी की पिल्ले मारणे ही विकृती नसून नव्या नराची प्रजननाची रीत आहे, कारण तान्हे पिल्लू गेले की आई लवकर पुन्हा गाभण राहू शकते. दुसरी मला अधिक महत्त्वाची वाटते: माद्या हे नुसते सोसत नाहीत. त्या एकापेक्षा अधिक नरांशी, टोळीबाहेरच्याही, संग करतात. आधीच गाभण असलेली मादीसुद्धा नव्या नराला सामोरी जाते. पिल्लू कोणाचे याचा नराला अंदाज येऊ नये आणि ते वाचावे, असा या वागण्याचा अर्थ हर्डी यांनी लावला. डार्विनच्या काळापासून ‘नर उतावळा, मादी लाजरी’ असे जे गृहीत धरले होते, त्याला त्यातून मोठाच धक्का बसला.

पण तुमच्या भाषणात एवढेच सांगून थांबू नका. हर्डी यांना ज्यांनी सर्वांत ठाम विरोध केला, त्यांत फिलिस डॉलिनो या अमेरिकी संशोधिका आघाडीवर होत्या. उत्तर आणि मध्य भारतातल्या वानरांचा अभ्यास त्यांनी हर्डींच्या दहा-बारा वर्षे आधी केला होता, माद्या आणि पिल्ले यांचे बारकाईने वर्णन केले होते, आणि त्यांना शांत टोळ्या दिसल्या होत्या. पिल्ले मारली जातात ती माणसांच्या गर्दीने बिघडलेल्या परिस्थितीत, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणजे दोन्ही पक्षांना स्त्रिया, आणि मूळ नोंद पुरुषाची. नेपाळमधल्या रामनगरच्या वानरांवरील डीएनए तपासणी १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि पिल्ले मारणारे नर त्या पिल्लांचे बाप नव्हते असे तीत दिसले, तेव्हा पारडे हर्डींच्या बाजूला झुकले. सगळ्या स्त्रियांना एकच दिसते आणि सगळ्या पुरुषांना दुसरेच, असा दावा करणाऱ्याला ही एक कथा पुरेशी आहे. स्त्रिया आल्या म्हणून एक ठरावीक उत्तर आले असे झाले नाही. वाद घालण्याजोगे प्रश्न वाढले, आणि वादातल्या दोन्ही बाजूंना माद्यांविषयी बोलणे भाग पडले.

त्याच बरोबरीने जपान्यांचीही आठवण ठेवा. प्रत्येक जनावर वेगळे ओळखून त्याला नाव देण्याची रीत जेन गुडाल यांनी १९६० मध्ये आफ्रिकेतल्या गोम्बेला चिंपांझींच्या अभ्यासात सुरू केली आणि ती बाईमाणसाची हळवी सवय मानली गेली, हे तुम्ही ऐकले असेल. परंतु किन्जी इमानिशी यांचे जपानी विद्यार्थी, तेही पुरुष, १९५०च्या दशकात आपल्या माकडांना नावे देतच होते. तेव्हा विविधता म्हणताना स्त्री-पुरुष हा तिचा एक भाग आहे, देश आणि परंपरा हा दुसरा. पक्ष्यांच्या गाण्याचा इतिहास हेच सांगतो. गातो तो नर, ही समजूत युरोप आणि उत्तर अमेरिकेच्या पक्ष्यांवरून ठरली होती. कॅरन ओडम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये जगभरातील गाणाऱ्या पक्ष्यांची माहिती एकत्र केली, तेव्हा पाहणीतील ७१ टक्के जातींमध्ये मादीही गाते असे आढळले, आणि या पक्ष्यांच्या समान पूर्वजांमध्येही माद्या गात असाव्यात असा निष्कर्ष निघाला. पुढे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीने तुमचाच प्रश्न थेट मोजून पाहिला: त्याआधीच्या वीस वर्षांत मादीच्या गाण्यावरच्या लेखांत पहिले नाव स्त्रीचे असण्याचे प्रमाण ६८ टक्के, तर पक्ष्यांच्या गाण्यावरच्या एकूण लेखांत ते ४४ टक्के. सर म्हणतात तसे विज्ञानात बाई-पुरुष नसेल, तर या दोन आकड्यांत इतके अंतर पडण्याचे कारण नाही. आणि तरीही मादी गाते हा शोध ती नोंदणारी व्यक्ती कोण यावर अवलंबून नाही. ध्वनिमुद्रण कोणीही ऐकावे, ते तेच राहील. प्रश्न कोणाला सुचतो यात माणसाची जागा दिसते, उत्तर खरे की खोटे हे मात्र पुराव्यावर ठरते. या दोन गोष्टी तुम्ही मनात वेगळ्या ठेवल्यात, तर आपल्या कामाचे मोल कमी होईल ही तुमची भीती उरणार नाही.

सरांच्या वाक्याचा पूर्वार्ध म्हणूनच मला खोडावासा वाटत नाही. तुम्ही बाई आहात म्हणून तुम्हाला माद्या दिसल्या असतील. मग त्याच न्यायाने, वर्षभर इतरांना हुप्प्याच का दिसला, हेही विचारायला हवे. आणि दोघांवरही औषध एकच, ते म्हणजे पद्धत.

यावरून तुम्ही काय करावे, ते सांगते. सरांकडे पुन्हा जाण्याआधी गटाच्या गेल्या वर्षभराच्या वह्या घेऊन बसा आणि ओळी मोजा. नरांविषयी किती, माद्यांविषयी किती, पिल्लांविषयी किती, आणि टोळीत प्रत्येकाची संख्या किती, एवढेच एका पानावर मांडा. कोणावर ठपका ठेवण्याची भाषा त्यात नको, कारण त्या वह्यांत तुमचेही अक्षर आहे. मग चार आठवड्यांच्या प्राथमिक निरीक्षणाची परवानगी मागा. टोळीतली सर्व प्रौढ जनावरे, हुप्प्यासह, चिठ्ठ्या टाकून क्रमाने निवडायची आणि प्रत्येकाला सारखा वेळ द्यायचा. यातला काही भाग दोघांनी मिळून करा: तुम्ही आणि तुमचा तो सहकारी, ज्याला पिल्लांच्या नोंदी ठेवायच्या होत्या, एकाच मादीकडे एकाच वेळी, एकमेकांच्या वहीत न डोकावता. दोघांच्या नोंदी किती जुळतात ते काढा. त्या चांगल्या जुळल्या, तर ‘बाई म्हणून तुला दिसते’ या आक्षेपाला उत्तर देण्याची गरजच उरणार नाही. जुळल्या नाहीत, तर कोणत्या वागण्याची व्याख्या सैल आहे ते तुम्हाला वेळेत कळेल. आणि त्या मुलाचे तुम्हाला येऊन सांगणे हलके समजू नका. गटात एक वेगळी व्यक्ती आली की आधीपासून असलेल्यांनाही दबलेले बोलता येते; हा परिणाम कुठल्या आकडेवारीत येत नाही, पण मी तो वारंवार पाहिला आहे.

विषयाचा आग्रह धरा, पण ‘माद्यांचा अभ्यास’ असे शीर्षक देऊ नका, असा माझा सल्ला आहे. टोळीतील सर्व प्रौढांच्या दिनक्रमाचा आणि परस्परसंबंधांचा अभ्यास, असे मांडा. मी हे नुसत्या व्यवहारासाठी सुचवत नाही. स्त्रियांना माद्या आणि पिल्ले वाटून द्यायची आणि पुरुषांना टोळीचे ‘राजकारण’, ही वाटणी आपल्या शाखेत अनेकदा झाली आहे, आणि तिच्यात गेलेली संशोधिका पुढच्या प्रत्येक समितीत तेवढ्याच एका विषयाची मानली जाते. मानवाच्या पूर्वजांचे अवशेष शोधणारे लुई लीकी यांनी गुडाल यांच्यासारख्या तरुण स्त्रियांना कपींच्या अभ्यासाला पाठवले, याचे एक कारण म्हणजे स्त्रिया अधिक सोशिक आणि बारीक नजरेच्या असतात असा त्यांचा समज होता. त्या संधीचे सोने झाले हे खरे, पण तो समज आपण भाषणातून पुढे नेऊ नये. सोशिकपणा हा स्वभाव मानला की तो गुण फुकट धरला जातो; ती कमावलेली पद्धत आहे असे म्हटले तरच तिचे श्रेय मिळते, आणि ती मुलांनाही शिकवता येते.

सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, लिहिताना शब्दांकडेही लक्ष द्या. एक नर आणि अनेक माद्या असलेल्या गटाला इंग्रजीत सर्रास ‘हॅरेम’ म्हणत आले आहेत, आणि त्यावरून मराठीत ‘जनानखाना’ लिहिलेलेही मी वाचले आहे. ‘एकनर टोळी’ हा शब्द पुरेसा आहे. आपल्या बोलण्यातली ‘हुप्प्याची टोळी’ मात्र अधिक फसवी आहे, कारण ती इतकी ओळखीची आहे की खटकत नाही. वानरांत बहुतेक माद्या जन्मल्या त्या टोळीत आयुष्यभर राहतात. आया, लेकी, बहिणी, मावश्या एकाच परिसरात पिढ्यान्‌पिढ्या नांदतात. हुप्प्या बाहेरून येतो आणि काही वर्षांत दुसरा येऊन त्याला हाकलतो. टोळी कोणाची म्हणायची, हे तुमच्या प्रबंधाच्या पहिल्या पानावर नीट ठरवून लिहा.

सर तरीही तयार झाले नाहीत, तर मार्गदर्शक बदलण्याचा विचार एवढ्यात करू नका. ते रागावले नाहीत, ऐकून घेतले, आणि मनातले उघड बोलले. अशा माणसासमोर पुरावा ठेवता येतो. त्यांचा नरांच्या संघर्षाचा विषय घ्या आणि पद्धत मात्र सर्व प्रौढांना समान वेळ देणारी ठेवा. टोळीवर चाल होते तेव्हा माद्या कुठे असतात, कोण पिल्लू उचलते, कोण नव्या नराला अडवते, हे त्या विषयात बसते, आणि ते नसेल तर तो विषय अर्धाच राहतो. संशोधन सल्लागार समितीसमोर हे पद्धतीचा प्रश्न म्हणूनच मांडा.

एक गोष्ट तुम्ही पत्रात लिहिलेली नाही, तरी विचारते. पहाटे टोळी झाडावरून उतरते तेव्हा तुम्ही तिथे असता का? की गावात मुलीच्या मुक्कामाची सोय नाही म्हणून नऊच्या एसटीने पोहोचता? तसे असेल, तर तुमच्या नोंदींत पहाट कायमचीच नाही, आणि त्याचा दोष पुढे तुमच्या निरीक्षणावर येईल. कुलूप लागणारी खोली, स्वच्छतागृह आणि पहाटेचे वाहन यांची मागणी विभागाकडे लेखी करा, आणि कारण म्हणून ‘निरीक्षणाच्या वेळा पूर्ण होण्यासाठी’ असेच लिहा. विज्ञान दिनाच्या भाषणात थोर स्त्रियांची नावे वाचून दाखवण्यापेक्षा हे सांगितलेत तर मला अधिक आवडेल: कोण पहाटे तिथे पोहोचू शकते, तक्त्यात कोणाला किती रकाने आहेत, आणि तुमच्याच वहीतल्या ओळींची ती मोजणी.

मोजणी झाली की आकडे मला जरूर कळवा. तुम्हाला वापरायला उपयोगी पडेल असा कोरा तक्ता मी करून ठेवते. त्यात पिल्लू कोणाच्या हातातून कोणाच्या हाती गेले, यासाठी स्वतंत्र रकाना असेल.